उपाहार की उपहार?

छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत आणि मराठी शिकविण्यात गेलेल्या माणसास एक खोड जडते. रस्त्याने जाताना त्यास दुकानांच्या पाट्या वाचल्यावाचून राहवत नाही, आणि वाचल्या म्हणजे त्यांतील अशुद्धे मनातल्या मनात तांबड्या शाईने सुधारल्यावाचून चैन पडत नाही. ‘उपहारगृह’ हा शब्द अशा पाट्यांवर मी किती वेळा सुधारला असेल, त्याची गणती नाही. ‘उप’ आणि ‘आहार’ मिळून ‘उपाहार’ होतो. त्याचा अर्थ लहानसे खाणे. ‘उपहार’ म्हणजे भेट, नजराणा, आदराने कोणापुढे ठेवलेली वस्तू. ‘प’चा काना गळाला की खाण्याची भेट होते! ही शुद्ध चूक आहे, असे मी आजवर मानीत आलो. गेल्या दोन वर्षांत मात्र माझे मत थोडे डळमळले आहे. ते कसे, हे या महिन्यात सांगावयाचे योजिले आहे. आणि मुंबईस आल्यावर सकाळचे खाणे कुटुंबासह कोठे करावे, असे विचारणाऱ्या वाचकांसही त्यातच उत्तर मिळेल.

सकाळच्या खाण्यास आपण ‘न्याहारी’ म्हणतो. हा शब्द फारसीकडून आला. संस्कृतात त्यास ‘प्रातराश’ म्हणतात, आणि आणखी एक शब्द आहे, ‘कल्यवर्त’. कल्य म्हणजे प्रातःकाल. मौज अशी की, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त हाच शब्द ‘क्षुल्लक वस्तू’ या अर्थानेही आलेला आहे. सकाळच्या खाण्यास क्षुल्लक लेखण्याची चाल म्हणजे बरीच जुनी. आमच्या घरात तरी ते खाणे एका व्यक्तीपुरते चाळीस वर्षे क्षुल्लकच होते.

आमचे बिऱ्हाड डोंबिवलीस. दोन सदनिका एकत्र केलेल्या आणि पाने अकरा. वृद्ध मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब, माझा मुलगा, सूनबाई, पुतण्या, पुतणी आणि दोन नातवंडे. मुलगा पहाटेच्या गाडीने कचेरीस निघे, त्याचा डबा. मग नातवंडांचे डबे. मग आईची पेज. मग बंधूंचे खाणे. माझी पूजा नऊला आटोपे. त्यानंतर मला गरम पोहे लागत, आणि गरम म्हणजे कढईतून थेट. भावजय आणि सूनबाई नोकरीस जातात, तेव्हा हा सर्व रहाटगाडगा मुख्यतः आमच्या घरची मंडळीच ओढीत असे. सर्वांचे झाल्यावर ही काय खाते, केव्हा खाते, असा प्रश्न माझ्या मनास कधी शिवला नाही. वाचकांपैकी किती गृहस्थांच्या मनास तो शिवला असेल, हे त्यांनी आपल्याशीच ठरवावे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात एका सकाळी ही स्वयंपाकघरात ओट्याशीच कोसळली. घामाने अंग भिजलेले, हात थरथरत होते आणि बोलणे तुटक. शेजारच्या इमारतीतील डॉक्टर धावत आले. त्यांनी रक्तातील साखर तपासली, तोंडात साखरपाणी घातले, आणि थोड्या वेळाने ही शुद्धीवर आली. मग त्यांनी विचारले, “काकू, मधुमेहाची गोळी किती वाजता घेता?”

“साडेसहाला.”

“आणि त्यानंतर खाता किती वाजता?”

हिने माझ्याकडे पाहिले. मला धातूंचे दहा गण मुखोद्गत आहेत. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला येईना. दारातून सूनबाई म्हणाल्या, “अकराला. कधी साडेअकराला. सर्वांचे झाल्यावर.”

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी समजावून सांगितले की, या जातीची गोळी रक्तातील साखर उतरविते. तिच्यामागे वेळेवर अन्न पोटात गेले नाही, तर साखर प्रमाणाबाहेर उतरते आणि माणूस भोवळ येऊन पडतो. “आज ओट्याशी पडल्या. हातात उकळते तेल असते तर?” एवढेच ते म्हणाले, आणि बॅग उचलून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आठाच्या ठोक्यास खाण्याचा नियम झाला. चार दिवस तो पाळला गेला. पाचव्या दिवशी मी समोर बसून पाहिले. पोळीचा एक तुकडा मोडून दुसरा मोडीपर्यंत ही तीन वेळा उठली. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा आईने हाक मारली म्हणून, आणि एकदा कोणीच न बोलाविता. चाळीस वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते; ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुटत नाही.

सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आईंना या घरात बसविणे कोणाच्याच हातचे नाही. निदान रविवारी त्यांना बाहेर न्या. तेथे उठून जायला स्वयंपाकघरच नसेल.”

मी गप्प राहिलो. आमच्या वडिलांच्या वेळेपासून ‘बाहेरचे खाणे’ हे शब्द या घरात दोषासारखे उच्चारले जातात. तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आई वर न पाहता म्हणाल्या, “ने तिला. मला कोणी नेले नाही.”

मग त्यांनी एक आठवण सांगितली. मी आठ वर्षांचा असताना आम्ही पुण्यास निघालो होतो. कर्जतच्या फलाटावर गाडी थांबली, तेव्हा वडील मला घेऊन उतरले आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या गरम बटाटेवडे खाल्ले. आई डब्यात ट्रंकेजवळ बसल्या होत्या. त्यांच्यासाठी वडिलांनी एक वडा कागदात बांधून आणला. तो त्यांनी धाकट्यास दिला. “मी आयुष्यात वडे काही थोडे तळले नाहीत,” आई म्हणाल्या, “पण कोणी समोर आणून ठेवलेला गरम वडा कसा लागतो, ते मला ठाऊक नाही.” त्या वड्याची चव मला इतक्या वर्षांनंतरही आठवत होती. आईने तो खाल्ला की नाही, हे मात्र त्या दिवशी प्रथमच कळले.

पुढच्या रविवारी सकाळी लवकरच्या गाडीने आम्ही उभयता दादरास गेलो. प्रवासास दीड तास जाणार, तेव्हा डॉक्टरांना विचारून गोळीची रविवारची वेळ खाण्याशी जोडून घेतली होती आणि पिशवीत बिस्किटे घेतली होती.

मराठी माणसाने आरंभ दादरापासूनच करावा. पश्चिमेस उतरले की फुलांचा बाजार लागतो. तेथून शिवाजी उद्यानाकडे चालत गेले म्हणजे आपल्या घरच्या पदार्थांची जुनी ठिकाणे भेटतात. या परिसराची ही परंपरा मोठी आहे. मामा काणे यांचे उपाहारगृह येथे १९१० साली निघाले, आणि त्याच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द होता. त्या काळी बाहेर खाणाऱ्यास सर्वांत आधी तीच ग्वाही हवी असे. गोखले मार्गावरील ‘प्रकाश’ साबुदाणावड्यासाठी आणि पियुषासाठी नामांकित आहे. शिवसेना भवनासमोरचे ‘आस्वाद’ १९८६ साली सुरू झाले. २०१५ साली लंडन येथे त्याच्या मिसळीस जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविण्यात आले. थालीपीठ, डाळिंबी उसळ, कोथिंबीरवडी हे सर्व या भागात मिळते. मधुमेही माणसाने पियुष आणि साबुदाणा दुरून पाहावा व थालीपीठ-उसळीवर संतोष मानावा. आम्ही तसेच केले.

साबुदाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. साबुदाणावडा हा आपल्या उपवासाचा पदार्थ. त्यात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची. साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि तो मुख्यत्वे तामिळनाडूतील सेलमकडून येतो. पण तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच, आणि मिरचीही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आली. ज्या वड्यावर आपण एकादशी साजरी करतो, त्यातील चारही मुख्य जिन्नस ‘बाहेरचे’ आहेत! हे मी हिला ऐन टेबलावर समजावून सांगू लागलो, तेव्हा ही म्हणाली, “अहो, आधी खा. निवते आहे.” चाळीस वर्षांत मला हे वाक्य सहस्र वेळा ऐकावयास मिळाले होते, परंतु या वेळी तिच्याही समोर पान होते.

त्या पहिल्या दिवशीच्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या. वाढणारा मुलगा आला आणि त्याने हिला विचारले, “आजी, तुम्हाला काय आणू?” ही गोंधळली. “यांना हवे ते,” म्हणाली. मुलगा हसून म्हणाला, “त्यांचे झाले. तुम्हाला काय?” तिला उत्तर सुचण्यास पुष्कळ वेळ लागला, कारण हा प्रश्न आमच्या घरात तीच इतरांस विचारीत आली. दुसरी गोष्ट अशी की, खाणे संपताच हिने बशा एकात एक रचल्या, वाट्या वर ठेवल्या आणि हातरुमालाने टेबल पुसावयास घेतले. तो मुलगा धावत आला. “राहू द्या, आजी. ते माझे काम आहे.” ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या हातांचे काय करावे, हे तिला कळत नव्हते.

त्यानंतर महिन्यातून दोन रविवार आम्ही ठेवले. दादरानंतर माटुंगा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावर पूर्वेस उतरून किंग्ज सर्कलपर्यंत, म्हणजे हल्लीच्या माहेश्वरी उद्यानापर्यंत, चालत जावे. वाटेत मोगऱ्याच्या वेण्या आणि केळीची पाने विकणारे बसलेले असतात. दक्षिणेकडील मंडळींनी वसविलेल्या या भागात इडली-डोशाची उत्तम ठिकाणे आहेत. त्यांतील ‘कॅफे मद्रास’ १९४० सालचे. तेथील नाचणीचा डोसा आणि रस्समात बुडविलेली इडली मधुमेह्याने आणि दात नसलेल्याने अनुक्रमे खावी. कॉफी पितळी अथवा पोलादी वाटी-पेल्यातून येते. ती वरून खाली ओतून निववावयाची असते, आणि हे कौशल्य हिला पहिल्या प्रयत्नात साधले, मला अजून साधलेले नाही. रविवारी नऊनंतर येथे नाव नोंदवून पदपथावर तिष्ठत राहावे लागते. आत गेल्यावर अनोळखी माणसांशेजारी बसण्याची तयारी हवी.

गिरगावचे वर्णन थोडक्यात करतो, कारण तेथील चाळींइतकीच तेथील खाण्याची ठिकाणेही घटत चालली आहेत. तरी ठाकूरद्वाराजवळ ‘विनय हेल्थ होम’ची मिसळ आहे. फणसवाडी पाहून आलेल्यास ती विशेष गोड, म्हणजे अर्थात तिखट, लागते.

शेवटी धोबीतलाव. तेथे ‘कयानी’ हे इराण्याचे उपाहारगृह १९०४ पासून उभे आहे. इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या लोकांनी मुंबईत अशी ठिकाणे काढली. कडक कवचाचा ब्रून पाव, त्यावर मस्का आणि सोबत दाट चहा, एवढ्यावर गिरणीकामगारापासून वकिलापर्यंत सर्वांची सकाळ साजरी होई. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, याचा कडक हिशेब ठेवणाऱ्या समाजात इराण्याचे टेबल कोणास जात विचारीत नसे. आमच्या आजोबांनी असा चहा तरुणपणी घेतला होता, आणि ती गोष्ट त्यांनी आजीस अखेरपर्यंत सांगितली नाही.

त्यांचे भय अकारण नव्हते. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी जमली असता पुढे आलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले, हे सर्वश्रुत आहे. बहिष्काराचे वाद चालले, धर्माचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि रानड्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले. हा इतिहास मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. इराण्याच्या संगमरवरी टेबलाशी हिच्यासमोर बसून तो पुन्हा आठवला, तेव्हा मनात आले की, पुरुषांनी बाहेर काय प्राशन केले यावर समाजाने एवढे शास्त्रार्थ केले. घरातल्या स्त्रीने सकाळपासून काही खाल्ले की नाही, यावर एखादी सभा भरल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

एका ठिकाणी मात्र आमची फजिती झाली. त्याचे नाव सांगत नाही. चिरंजिवांनी हौसेने आम्हां सर्वांस एका मोठ्या हॉटेलात ‘ब्रंच’साठी नेले. न्याहारी आणि दुपारचे जेवण मिळून हा प्रकार. इंग्लंडात गाय बेरिंजर या लेखकाने १८९५ साली त्याचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला, तेव्हापासून शब्द रूढ झाला. रविवारी उशिरा उठावे, उशिरा खावे, असे त्याचे तत्त्व. आम्हांस जागा मिळण्यास साडेअकरा झाले. तोवर हिचा चेहरा उतरला, कपाळावर घाम आला. मी पिशवीतील बिस्किटे काढून दिली, म्हणून निभावले. आत गेल्यावर टेबलावर चाळीस पदार्थ मांडलेले होते, आणि हिने दहीभात खाल्ला. परतताना गाडीत ही म्हणाली, “अकरा वाजता खायचे यासाठी एवढे पैसे? मी तर ते चाळीस वर्षे फुकट करीत होते.” सर्व हसले. मला हसता आले नाही.

आता कामाच्या सूचना. वडीलधाऱ्यांस घेऊन जाणाऱ्यांनी रविवारी साडेआठाच्या आत पोहोचावे. गर्दी टळते आणि रेल्वेच्या मेगाब्लॉकपूर्वी परतताही येते. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून निघावे. जिना चढावा लागतो काय, हेही विचारावे. मधुमेह असल्यास गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. आपल्या मनाने पुढे-मागे करू नये, आणि पिशवीत काहीतरी खाण्याचे ठेवावे. तेल काळवंडलेले दिसले की तळलेले मागवू नये. वाढणाऱ्यास ‘अरे-तुरे’ करू नये. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, काय मागवावयाचे ते घरच्या लक्ष्मीस प्रथम विचारावे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबावे. ते लवकर येणार नाही.

परंतु महिन्यातून दोन रविवारांनी उरलेल्या अठ्ठावीस-एकोणतीस सकाळींचे पाप धुतले जात नाही, हे मलाही कळते. यास्तव आमच्या घरात काही बदल झाले आहेत. सकाळी आठ वाजता जो घरी असेल तो खावयास बसतो, आणि हीही त्याच पंगतीस बसते. उठावयाचे झाल्यास मी उठतो. माझी पूजा साडेसातास आटोपते. देवाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. उरलेल्या रविवारी बंधू आणि मी पोहे करतो. पहिल्या खेपेस पोहे इतके भिजले की, त्यांचा पिंड झाला. आईंनी तो मिटक्या मारीत खाल्ला आणि म्हणाल्या, “मीठ विसरलास.”

गेल्या महिन्यात आईंनाही चाकांच्या खुर्चीत बसवून दादरास नेले. बटाटेवडा आला, वाफ निघत होती. त्यांनी तो मोडला, फुंकर घातली, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा सवयीने कागदात बांधू लागल्या. हिने त्यांचा हात धरला. “आई, पुरा खा. घरी सर्वांना आहे.” त्यांनी तो पुरा खाल्ला.

बाहेर पडताना शेजारच्या एका दुकानावर पाटी दिसली. त्यावर ‘प’चा काना नव्हता. सवयीप्रमाणे माझा हात खिशातील लेखणीकडे गेला. मग मी तो काढून घेतला आणि आईंची खुर्ची ढकलू लागलो.